खण शोधला, खान सापडले

गूगलवर इंग्रजी अक्षरांत ‘खण’ लिहून शोधून बघा. के, एच, ए, एन. शाहरुख, सलमान, आमिर अशी सगळी मंडळी रांगेत हजर होतात. चोळीचा खण काही येत नाही. यात गूगलचा काही दोष नाही. ती चार अक्षरं टाकणाऱ्या बहुतेकांना जे हवं असतं तेच ते दाखवतं. दोष द्यायचाच तर त्या वेबसाइटला द्यायला पाहिजे, जिच्यावर कापडाचं नाव फक्त त्या चार अक्षरांत असतं आणि त्याच्या पुढे-मागे ‘वेलकम टू द वर्ल्ड ऑफ एलिगन्स’ असलं काहीतरी. खण म्हणजे काय, कुठला, काठ कसला, मीटरवर मिळतो की साडी तयार मिळते, यातलं एक अक्षर नाही. मग पुण्यातल्या किंवा मडगावातल्या बाईला शहापूर-वडगावच्या गल्लीतलं ते दुकान सापडणार कसं?

सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, म्हणजे एसईओ, हे कॉम्प्युटरवाल्या पोरांचं काम आहे अशी आपल्याकडे समजूत आहे. माझं मत असं, की बेळगावसारख्या गावात हे अर्ध्याहून जास्त भाषेचं काम आहे, आणि म्हणून ते आपल्या मराठी मंडळाच्याही कामात बसतं. ‘कीवर्ड’ हा शब्द ऐकून बिचकायचं कारण नाही. कीवर्ड म्हणजे गिऱ्हाइकाच्या तोंडातला शब्द, इतकंच. दुकानदार वस्तूला काय म्हणतो ते वेगळं, आणि ज्याला ती हवी आहे तो काय म्हणतो ते वेगळं. या दोघांची गाठ पडते तिथे शोध लागतो.

वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती लिहिणाऱ्यांना हे कधीच कळलं होतं. शब्दाला पैसे पडायचे. म्हणून ‘पाहिजेत’, ‘भाड्याने देणे’, ‘वधू-वर’ हे शब्द डोक्यावर जाड ठशात, आणि खाली मोजकं, खरं आणि उपयोगाचं. ‘आमच्या स्वप्नवत वास्तूत आपले सहर्ष स्वागत’ असलं कोण लिहील पदरचे पैसे घालून? वेबसाइटवर जागा फुकट मिळाली आणि आपण बडबडायला लागलो.

आता आपल्या गावची खरी अडचण बघू. इथे एकेका वस्तूला दोन-तीन नावं आहेत. आपण इरकल किंवा इरकली म्हणतो, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत तीच साडी बागलकोट जिल्ह्यातल्या गावाच्या नावानं इळकल, इल्कल होते. आपण मांडे म्हणतो, कन्नड घरात मंडिगे म्हणतात. लग्नाचे मांडे करून देणाऱ्या माणसानं आपल्या पानावर फक्त इंग्रजी अक्षरांत ‘मांडे’ लिहिलं, तर ते इंग्रजीतल्या सोमवारसारखं दिसतं. कुंद्याचंही तसंच. बेळगावात कुंदा म्हटलं की दुसरं स्पष्टीकरण लागत नाही, पण बाहेरच्याला कुंदा हे माणसाचं नाव वाटतं. ‘दूध आटवून केलेली मिठाई’ हे चार शब्द आपल्याला फालतू वाटतात. बाहेरून येणारा माणूस मात्र नेमका तेच शब्द घेऊन येतो, त्याला ‘कुंदा’ हा शब्द माहीत असतोच असं नाही.

आणि खुद्द गावाचं नाव! १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं. त्याआधीचं इंग्रजी बेलगाम अजून लोकांच्या बोटांत आहे, रेल्वे स्टेशनचं छोटं नाव अजून बीजीएमच आहे, आणि मराठीत आपण बेळगाव लिहितो ते लिहितोच. नावाचा वाद सगळ्यांना ठाऊक आहे, तो मी इथे उकरत नाही. पण दुकान चालवणाऱ्यानं त्या वादातली आपली बाजू वेबसाइटवर लावून धरली तर नुकसान कोणाचं? बेंगळुरूचा माणूस एक नाव टाकतो, कोल्हापूरचा दुसरं, आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरमध्ये ट्रेनिंग घेऊन तीस वर्षांपूर्वी इथून गेलेला फौजी तिसरं. मला विचाराल तर पत्त्यात सरकारी नाव, मराठी मजकुरात बेळगाव, आणि इंग्रजी मजकुरात एकदा जुनं नाव. एकदाच. एवढ्यानं काम होतं. दर ओळीत तिन्ही नावं स्वल्पविराम देऊन ओतायची काही गरज नाही.

कारण ओतणारे आहेतच. ‘बेस्ट स्वीट्स इन बेलगाम, बेलगाम बेस्ट स्वीट्स, स्वीट शॉप बेलगाम बेस्ट’ असा परिच्छेद तुम्हीही वाचला असेल. याला कीवर्ड स्टफिंग म्हणतात, आणि गूगलच्या नियमांत ते उघड उघड स्पॅम आहे. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवणं हीसुद्धा तशीच जुनी चलाखी. तिसरी चलाखी आपल्या भागात फार दिसते. एकच पान खानापूर, निपाणी, चंदगड, गोकाक अशी गावं बदलून पंधरा वेळा छापायचं, ‘खानापुरातील उत्तम केटरर’, ‘निपाणीतील उत्तम केटरर’. त्या गावात ना दुकान, ना माणूस. यालाही गूगल स्पॅमच धरतं. आणि समजा एखाद्या वेळी खपून गेलं, तरी ज्या माणसानं निपाणीचा समजून फोन लावला त्याला तुम्ही काय सांगणार?

माझ्या ओळखीतल्या एका किराणा दुकानदाराकडून गावातल्याच एका एजन्सीनं ‘कीवर्ड टॅग भरणे’ या नावाखाली दर महिन्याला पैसे घेतले. पानाच्या पोटात, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या जागी, शब्दांची यादी भरायची, तो हा टॅग. क्रमवारी लावताना आपण या टॅगकडे बघतच नाही, असं गूगलनं २००९ मध्येच जाहीर केलं आहे. त्याच एजन्सीनं ‘पहिल्या नंबरची गॅरंटी’ही दिली होती. गूगल स्वतः सांगतं की अशी गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही. एवढं वाचून ठेवलेला एक पोरगा जरी त्या घरात असता तर ते पैसे वाचले असते की!

मग करायचं काय? पानाचं शीर्षक आधी नीट लिहायचं. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत आणि शोधाच्या निकालात जी निळी ओळ दिसते ती. बहुतेक दुकानांच्या साइटवर तिथे ‘होम’ एवढंच असतं. घरी कोण आलंय? तिथे ‘इरकल साड्या आणि खणाचं कापड, शहापूर, बेळगाव’ एवढं लिहिलं तर माणसालाही कळतं आणि यंत्रालाही.

इथे मराठीचा एक खास घोळ आहे. माणूस शोधताना विभक्ती गाळतो. ‘बेळगाव कुंदा दुकान’ असं टाकतो, ‘बेळगावातलं कुंद्याचं दुकान’ असं नाही टाकत. इंग्रजीत शब्दाचं रूप फारसं बदलत नाही, म्हणून टाकलेले शब्द तसेच वाक्यात बसतात. मराठीत कुंदाचं कुंद्याचा, कुंद्यासाठी होतं, खणाचं खणाला होतं, मांड्याचं तर मूळ रूप कोणतं इथून सुरुवात. एजन्सीवाले शोधातले तुटके शब्द तसेच उचलून वाक्य म्हणून लावतात, आणि ‘आम्ही कुंदा दुकान बेळगाव मध्ये प्रसिद्ध आहोत’ असलं मराठी जन्माला येतं. यावर उपाय व्याकरणाच्या पुस्तकाबाहेरचा नाही. शीर्षकात आणि मथळ्यात शब्द मूळ रूपात ठेवा, प्रथमेत. ‘कुंदा’, ‘मांडे’, ‘इरकल साडी’. खाली मजकुरात माणसासारखं लिहा, विभक्ती लावून. दोन्हींची सोय होते आणि वाचणाऱ्याचा कान दुखत नाही.

‘सर्वोत्तम’ हा शब्दही काढून टाका. इंग्रजी ‘बेस्ट’चा तो शब्दकोशातला जावई आहे. आपल्याकडे कोणी ‘सर्वोत्तम कुंदा’ विचारत नाही. ‘चांगला कुंदा कुठं मिळतो’ विचारतात, ‘फेमस कुठला’ विचारतात, ‘किती दिवस टिकतो’ विचारतात. हा तिसरा प्रश्न सोन्यासारखा आहे. गोव्याला किंवा मुंबईला न्यायचा असतो, त्याला तेच कळून घ्यायचं असतं. किती दिवस टिकतो, फ्रिजमध्ये ठेवावा लागतो का, पार्सल करून देता का, सकाळी किती वाजता ताजा मिळतो: काउंटरवर रोज पन्नास वेळा उत्तर दिलं जातं, वेबसाइटवर एकदाही नाही. एक सकाळ दुकानात उभं राहून गिऱ्हाइकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवले तर कुठल्याही महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा चांगली कीवर्डची यादी तयार होईल. टोप पदराची इरकल मागणारी आजी आणि ‘ते लाल पदरवालं’ मागणारी तिची नात, दोघींचे शब्द लिहून घ्या. पुढे साइट चालू झाली की गूगल सर्च कन्सोल फुकट मिळतं. लोक कोणते शब्द टाकल्यावर आपलं पान त्यांच्यापुढे आलं आणि किती जणांनी उघडलं, ते त्यात दिसतं. वहीतली यादी त्याच्याशी ताडून बघता येते.

अजून एक गोष्ट, प्रेसवाल्यांच्या पोरांना लगेच कळेल अशी. आपल्याकडच्या कितीतरी दुकानांची मराठी दरपत्रकं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेली असतात. छापायला ती सुंदर. पण तो मजकूर युनिकोडमध्ये नसतो, तसाच वेबसाइटवर चिकटवला की नुसता अक्षरांचा चिवडा दिसतो. मग सोपा मार्ग म्हणून पत्रकाचा फोटो काढून लावतात. डोळ्यांना मराठी दिसतं, पण पानावर मराठी मजकूर म्हणून काहीच नसतं. फोटोवर कोणी बोट ठेवून नाव कॉपी करू शकत नाही, आंधळ्या माणसाच्या फोनला ते वाचून दाखवता येत नाही, आणि सर्च इंजिनलाही त्या फोटोवर भरवसा ठेवून चालता येत नाही. ते पत्रक युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करायला एक दुपार लागते. ‘ळ’ कुठल्या बटणावर आहे हे माहीत असलेलं कोणीही करू शकतं.

गावातल्या दुकानाला तर वेबसाइटच्या आधी नकाशावरची नोंद महत्त्वाची. जवळपासचे निकाल दाखवताना गूगल तीन गोष्टी बघतं: विचारलेल्याशी मेळ, अंतर, आणि दुकान किती माहितीतलं आहे. पैसे देऊन तिथे वर चढता येत नाही. नोंदीत दुकानाचं नाव पाटीवर आहे तेच पाहिजे, त्याला ‘बेस्ट साडी शॉप शहापूर’ असं शेपूट लावणं नियमाबाहेर आहे. सुट्टीचा वार मात्र खरा लिहा. चंदगडहून बस पकडून आलेल्या माणसाला बंद शटर दिसलं तर तो पुढच्या वेळी तुमचे कीवर्ड वाचत बसणार नाही.

मंडळाच्या बैठकीत याला दोन आक्षेप आले. एक असा, की मराठीत टाइप करतं कोण, सगळे इंग्रजी अक्षरांतच लिहितात. हे आपल्या वयाच्या लोकांबद्दल बरंचसं खरं आहे. पण आपल्या आई-मावश्या माइकचं बटण दाबून बोलतात, आणि त्या मराठीत बोलतात. त्यांनी मराठीत विचारलं आणि मराठी पानच नसलं तर पुष्कळदा हिंदी पान पुढे येतं, नाहीतर यंत्रानं भाषांतर केलेलं काहीतरी. आपल्या गल्लीतल्या वस्तूची माहिती आपल्याला परक्या वाक्यांत वाचावी लागते. दुसरा आक्षेप, हे साहित्य नाही. नाहीच. पण बोलीतले शब्द गोळा करण्याचा प्रकल्प आपण दरवर्षी ठरवतो आणि पाच-सहा म्हणी लिहून सोडून देतो. कापडाची, मिठाईची, दागिन्यांची, भांड्यांची नावं ज्यांच्या तोंडात आहेत ती माणसं काउंटरच्या पलीकडे बसलेली आहेत, आणि या वेळी त्यांनाही आपल्याकडून काहीतरी हवं आहे.

परीक्षा संपल्यावर दोघादोघांच्या जोड्या करून चार दुकानं घ्यावीत असं माझं म्हणणं आहे: एक साडीचं, एक मिठाईचं, एक मांडे करणाऱ्या घरचं, एक सराफाचं. प्रत्येक जोडीत एकाला कन्नड लिहिता आलं पाहिजे. मालकांशी बोलणी मी सुरू केली आहेत. साडीवाले काका तयार आहेत, पण त्यांची अट आहे की शनिवारी यायचं नाही, त्या दिवशी गर्दी असते.