लाईन गेली की सौर संच का थांबतो?

आषाढ लागला की चिखलदऱ्यात धुके घरात शिरते. वाऱ्याने एखादी फांदी तारांवर पडते आणि लाईन जाते. मग ज्याच्या छपरावर सौर संच आहे तो कुरकुरतो, "दिवस आहे, पॅनेल धड आहेत, तरी घरात वीज का नाही?"

हा बिघाड नव्हे. लाईनला जोडलेला संच लाईन गेली की आपोआप थांबावा, अशीच त्याची रचना असते. तो चालू राहिला तर तुमच्या घरची वीज उलटी डीपीत जाईल आणि वरच्या ११ हजार व्होल्टच्या तारेत उतरेल. तिकडे लाईन बंद समजून वायरमन खांबावर चढलेला असतो. तोही कुणाच्या घरचा कर्ता माणूस आहे.

म्हणून इन्व्हर्टरशी खटपट करू नका. जनरेटर घरच्या वायरिंगला परस्पर जोडू नका. लाईन गेल्यावरही दिवा हवा असेल तर बॅटरीसह संच घ्या आणि जाणकाराकडूनच बसवा.

बाकी फायदा खरा आहे. १ किलोवॉटचा संच चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे ४ युनिट देतो. एप्रिल-मे महिन्यांत लाईनला दिलेले जास्तीचे युनिट पावसाळ्यातल्या बिलातून वजा होतात. वर्षाचा हिशेब ३१ मार्चला मिटतो. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट व पुढे ७८ हजार रुपये अनुदान ठरले आहे.

पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला एवढे विचाराच: लाईन गेल्यावर माझ्या घरात दिवा लागेल का?