औषधी कोठारातील कीड आणि फॉस्फीनची गोळी

चरकसंहितेच्या कल्पस्थानात, पहिल्याच अध्यायात, भेषजसंग्रहाचा विचार आला आहे. काल, ऊन, अग्नी, पाणी, वारा व जंतू यांच्यामुळे ज्याचे गंध, वर्ण, रस बिघडलेले नाहीत, असेच द्रव्य तेथे ग्राह्य मानले आहे. किडलेल्या द्रव्याचा प्रश्न आपल्या शास्त्राला नवा नाही. त्यावर आपण जो एकमेव उपाय धरून बसलो आहोत, तो दुबळा होत चालला आहे, ही गोष्ट मात्र नवी आहे.

आज धान्याच्या गोदामांत काय किंवा सुंठ, पिंपळी, अश्वगंधा साठवणाऱ्या कोठारांत काय, सारी भिस्त अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीवर आहे. हवेतील ओलाव्याने तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो. मिथाइल ब्रोमाइड हा दुसरा वायू ओझोनच्या थराला घातक असल्याने माँट्रियल करारान्वये विकसनशील देशांतही २०१५ पासून, निर्यात व संगरोधाचे प्रसंग वगळता, बंद झाला. हाती उरले ते फॉस्फीन. त्याला न जुमानणारे किडे १९७२-७३ च्या जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या पाहणीतच सुमारे दहा टक्के नमुन्यांत आढळले होते. पुढे ही प्रतिकारक्षमता वाढतच गेली. आपली सुकी द्रव्ये पोखरणारा तंबाखूवरील भुंगेराही तिला अपवाद नाही.

याचे कारण वैद्यांना समजावून सांगण्याची गरज नसावी. मात्रा आणि काल यांपैकी एकही अपुरा पडला, की रोग दबतो पण जात नाही. फॉस्फीनच्या बाबतीत काल अधिक मोलाचा. गोळ्या दुप्पट केल्या म्हणून दिवस निम्मे करता येत नाहीत. अंडी व कोष या अवस्था तर अळीपेक्षा कितीतरी चिवट. फाटक्या ताडपत्रीखाली दोन दिवस गोळ्या ठेवून पोती उघडली, की दुर्बल किडे मरतात, चिवट उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते.

येथे एक दिलासा वारंवार दिला जातो. प्रतिकारक किड्याला या सामर्थ्याची किंमत मोजावी लागते, म्हणून गोळी काही काळ थांबवली की तो आपोआप मागे पडेल, असे म्हणतात. या म्हणण्याला आधार नाही असे नव्हे. फॉस्फीनचा घाव श्वसनक्रियेवर, पेशीतील ऊर्जानिर्मितीवर असतो. आणि २०१२ मध्ये प्रतिकाराचे जे एक प्रमुख जनुक निश्चित झाले, ते त्याच व्यवहारातील डायहायड्रोलिपोअमाइड डिहायड्रोजिनेज या विकराचे निघाले. जगण्याच्या मुळाशीच असा फेरफार झाला तर तो फुकट कसा मिळेल? ब्राझीलमधील अभ्यासांत काही प्रतिकारक किड्यांचे श्वसन मंद, तर काहींची वाढ व प्रजनन कमी आढळलेही. परंतु ऑस्ट्रेलियातील प्रयोगांत तांबड्या भुंगेऱ्याच्या प्रतिकारक वंशांत असा ठळक तोटा दिसला नाही. किंमत जातीगणिक, वंशागणिक बदलते. कोठे ती जवळजवळ शून्य असते. म्हणून गोळीला नुसती विश्रांती देणे हे आमच्या मते धोरण नव्हे, ती केवळ आशा आहे.

मग फार्मसीचालकांनी काय करावे? धुरी द्यायचीच तर ती परवानाधारकाकडून, वायुरोधक आच्छादनाखाली, किमान पाच ते सात दिवस आणि वायूचे प्रमाण मोजून द्यावी. गोळी स्वतः ठेवण्याचा मोह कोणीही करू नये. तिच्या विषबाधेवर उतारा नाही, आणि कायद्यानेही तिचा वापर मर्यादित केला आहे. दोन धुरींमध्ये कोठार रिकामे करून झाडावे, जुनी बारदाने नव्या मालाजवळ ठेवू नयेत. फटींत साचलेल्या भुकटीत कीड वर्षभर टिकते. द्रव्य नीट वाळवून हवाबंद पिशव्यांत भरले, तर आतील प्राणवायू घटून कीड गुदमरते. थोड्या मालाला गोठवणूकही चालते. उष्णतेचा उपाय मात्र सुगंधी द्रव्यांना देऊ नये, तैलांश उडतो.

यांपैकी बहुतेक उपायांना गोळीपेक्षा अधिक खर्च येतो, हे आम्ही जाणतो. वर्षाचा माल एकदम भरण्याऐवजी तीन-चार महिन्यांपुरताच घेतला, तर त्यातील बराच भार हलका होईल. धुरीनंतरही जिवंत किडे आढळले, तर त्याच पोत्यांवर पुन्हा गोळ्या टाकण्याआधी ते किडे बाटलीत भरून जवळच्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे तपासणीस पाठवावेत.