शेपटीवर सायकल!

अमेरिकेतला वीकेण्डचा एक भन्नाट फंडा म्हणजे कॅम्पर ट्रेलर. बेड, किचन, बाथरूम असलेलं चाकांवरचं घर. पिकअपला जोडा आणि सुटा! हॉटेलचं बुकिंग नको की चेकआऊटची घाई नको. पण घर निघालं की सायकलीही हव्याशा वाटतात. त्यासाठी ट्रेलरच्या मागे बसवतात रिअर हिच, म्हणजे एक चौकोनी पोलादी नळी. तिच्यात रॅक सरकवायचा, पिन लावायची, झालं.

डेन्व्हरच्या माझ्या मावसभावाने हा उद्योग केला, तेव्हा मी तिथेच होते. दादाचा इरादा होता दोन ई-बाइक न्यायच्या. काम एका दुपारचं, पण डोकं लावायच्या जागा तीन.

पहिली, बम्पर. मागचा चौकोनी बम्पर दिसतो दणकट, पण बऱ्याच ट्रेलरमध्ये ती नुसती पातळ, पोकळ नळी असते. आत सांडपाण्याचा पाइप ठेवतात! तिच्यावर जड रॅक लटकवला तर खड्ड्यागणिक वेल्डिंगवर ताण येतो आणि एक दिवस सायकली थेट मागच्या गाडीसमोर. म्हणून हिच बसवायचा तो खालच्या मुख्य फ्रेमच्या दोन्ही बाजूंना, जाड बोल्टने किंवा चांगल्या वेल्डरकडून.

दुसरी, आकडा. हिचवर छापलेली क्षमता हिचची असते, तुमच्या फ्रेमची नव्हे. ट्रेलरची शेपटी गाडीपेक्षा जास्त उसळते, म्हणून अनेक सायकल-रॅकवर ‘ट्रेलरसाठी नाही’ असं लिहिलेलं असतं. तो बारीक टाइप वाचाच.

तिसरी, तोल. आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार पुढच्या जोडावर असावा लागतो. मागे वजन टाकलं की सी-सॉसारखं पुढचं टोक हलकं होतं. समजा, ट्रेलर 1,800 किलोचा आणि जोडावर 200 किलो. दोन ई-बाइक आणि रॅक मिळून 70 किलो, चाकांपासून तीन मीटर मागे. जोड पाच मीटर पुढे. म्हणजे पुढचा भार 42 किलोने घटून 158 वर! हवा होता किमान 187. असा ट्रेलर हायवेवर साप होतो. डावी-उजवीकडे झोकांड्या खात पिकअपलाही ओढतो. आणि त्या पिकअपच्या मागच्या सीटवर मुलं असतात.

वहिनीने हे गणित कागदावर मांडलं आणि दादाचा विषयच संपला. ई-बाइक गेल्या पिकअपच्या हौद्यात. मागच्या हिचवर आली ट्रेलरला चालणाऱ्या रॅकवर मुलीची एकच छोटी सायकल. टेललाइट आणि नंबरप्लेट झाकली जात नाही ना, तेही वहिनीनेच पाहिलं. निघण्याआधी पुढचा भार पुन्हा मोजला आणि थोडं अंतर गेल्यावर बोल्ट पुन्हा आवळले.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात ना? चाकांवरच्या घरात फ्रेम पाहून सायकली लादाव्यात!