जाम बोल्टशी घाई नको

परभणी जिल्ह्यात गोदाकाठच्या शेतांवर डिझेल पंप आहेत, रस्त्यारस्त्याला ट्रॅक्टर-मोटारसायकलींची गॅरेज आहेत. आपली कितीतरी तरुण पोरे तिथे ऑइलने हात माखून काम शिकतात. गंजलेला बोल्ट तुटला, की दोष पोराच्या माथी आणि इंजिनाचे हेड लेथवाल्याकडे. म्हणून आज त्याविषयी सांगतो.

बोल्ट जाम का होतो? गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो आणि आट्यांमधली फट गच्च भरून टाकतो. अशा वेळी पान्याला पाइप लावून जोर केला, तर आटे सुटण्याआधी बोल्टची मान तुटते.

आमचे सांगणे असे. तारेच्या ब्रशने गंज झाडावा. गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर मुरू द्यावे. सकाळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे सरळ, हलके ठोके द्यावेत. गंजाला तडे जातात व तेल आत शिरते. घट्ट बसणारा रिंग पानाच वापरावा. बोल्ट आधी किंचित आवळावा, मग सोडवावा. पुन्हा तेल, पुन्हा आवळ-सोड. तरीही हलला नाही तर भोवतालचा भाग तापवावा, पण तेल पुसून, इंधनाची टाकी दूर ठेवून आणि जाणत्या मिस्त्रीच्या देखत. डोळ्यांना चष्मा हवाच.

गॅरेजमालकांनाही विनंती : एक रात्र थांबा. नव्या हेडपेक्षा आणि पोराच्या डोळ्यापेक्षा ती स्वस्त पडते.