२ जून १९५१ चें पार्लमेंटचें कामकाज आणि आपला सातबारा

दिल्लीच्या पार्लमेंटांत काय चालतें याची चौकशी करण्याचें आपणांस कारण नाहीं, अशी आमच्या पुष्कळ शेतकरी बंधूंची समजूत आहे. सारा तलाठी घेतो, फेरफाराची नोंद तोच करतो, कुळाचा तंटा मामलेदारापुढें चालतो. मग यांत दिल्लीचा संबंध आला कोठें, असें ते विचारतात. या प्रश्नास उत्तर म्हणून आम्ही एकाच दिवसाचें कामकाज वाचकांपुढें ठेवीत आहों. तो दिवस शनिवार, ता. २ जून १९५१ हा होय. मृग निघण्यास पांच-सहा दिवस उरले होते आणि महाराष्ट्रांतील शेतकरी पाभर व कुळव यांच्या डागडुजींत गुंतला होता. त्याच दिवशीं दिल्लींत त्याच्या जमिनीवरील हक्काची हद्द नव्यानें आंखली गेली, आणि ती रेघ अद्यापि पुसलेली नाहीं.

त्या वेळचें पार्लमेंट कसलें होतें हें प्रथम सांगितलें पाहिजे. २६ जानेवारी १९५० रोजीं राज्यघटना अमलांत आली, पण निवडणुका व्हावयाच्या होत्या. तोंपर्यंत घटनासमितीनेंच हंगामी पार्लमेंट म्हणून काम पाहावें अशी तजवीज घटनेंतच केलेली होती. सभागृह एकच; राज्यसभा जन्मास यावयाची होती. सभासद प्रौढ मतदानानें निवडलेले नव्हते. सारा, कर किंवा शिक्षण यांच्या अटींवर ज्या थोड्या लोकांस मताचा अधिकार होता त्यांनीं प्रांतिक कायदेमंडळें निवडलीं, व त्या मंडळांनीं यांतील बहुतेक सभासद पाठविले होते. सभागृहाचे स्पीकर गणेश वासुदेव मावळंकर. वकिली अहमदाबादेची, पण घराणें मूळचें आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांतलें.

या सभागृहापुढें पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनीं १२ मे १९५१ रोजीं घटनेच्या पहिल्या दुरुस्तीचें बिल आणलें. घटनेस पुरते सोळा महिनेही झाले नव्हते. बिलांत भाषणस्वातंत्र्याचा व मागासलेल्या वर्गांच्या सवलतींचाही भाग होता. त्याविषयीं इतरत्र विपुल लिहिलें गेलें आहे, व आम्ही त्यांत शिरत नाहीं. आमचें प्रयोजन जमिनीशीं.

बिहार सरकारनें १९५० सालीं जमीनदारी नष्ट करण्याचा कायदा केला. भरपाईचा दर त्यांनीं उतरता ठेविला. ज्याचें निव्वळ उत्पन्न ५०० रुपयांच्या आंत त्यास उत्पन्नाच्या वीसपट, आणि ज्याचें लाखावर त्यास अवघी तिप्पट. दरभंग्याचे महाराज कामेश्वरसिंह कोर्टांत गेले. १२ मार्च १९५१ रोजीं पाटणा हायकोर्टानें निकाल दिला कीं, भरपाईंत असा भेद करणें म्हणजे कायद्यापुढील समानतेचा भंग होय. सबब कायदा रद्द. मौज अशी कीं, अलाहाबाद व नागपूर येथील हायकोर्टांनीं आपापल्या प्रांतांचे त्याच हेतूचे कायदे उचलून धरले. घटना एक, प्रश्न एक, आणि निकाल दोन!

सरकारास सुप्रीम कोर्टाचा शब्द येईपर्यंत थांबतां आलें असतें. तें थांबलें नाहीं. बिलानें घटनेंत ३१-क व ३१-ख अशीं दोन कलमें घातलीं. पहिल्याचा मथितार्थ हा कीं, 'इस्टेट' या सदरांत मोडणारे जमीनदारी, जहागीर, इनाम इत्यादि हक्क सरकारनें घेतल्यास मूलभूत हक्कांच्या आधारें त्या कायद्यास हरकत घेतां येऊं नये. दुसरें कलम त्याहून जालीम. घटनेस नववें परिशिष्ट जोडावयाचें, त्यांत कायद्यांचीं नांवें लिहावयाचीं, आणि ज्याचें नांव तेथें लागलें तो कायदा मूलभूत हक्कांशीं विरुद्ध असो, कोर्टानें पूर्वीं तो रद्द केलेला असो, तरी पहिल्या दिवसापासून तो कायदेशीरच समजावयाचा.

त्या पहिल्या यादींत तेरा कायदे होते, व त्यांपैकीं सहा एकट्या मुंबई राज्याचे होते, ही गोष्ट आमच्या फार थोड्या वाचकांस ठाऊक असेल. १९४८ चा कूळकायदा त्यांत होता. गुजराथेकडील मालेकी, तालुकदारी व पंचमहालांतील मेहवासी या पद्धती बंद करणारे तीन कायदे होते. १९५० चा खोती निर्मूलनाचा कायदा होता व त्याच सालचा परगणा आणि कुलकर्णी वतनें नाहींशीं करणाराही होता. हैदराबाद संस्थानांतील जहागिरींविषयींचे दोन कायदे होते, म्हणजे मराठवाडा आला. मध्यप्रदेशाचा मालगुजारी वगैरे हक्क काढून घेणारा कायदा होता, म्हणजे नागपूर-भंडाऱ्याकडील मुलूखही आला. आजचा बहुतेक महाराष्ट्र त्या एका पानावर उतरला होता.

यांपैकीं खोतीविषयीं थोडें अधिक लिहिणें अवश्य आहे, कारण देशावरील वाचकांस तिची झळ माहीत नाहीं. रत्नागिरी व कुलाबा या जिल्ह्यांत सरकार आणि कूळ यांच्यामध्यें खोत उभा असे. सरकारचा सारा त्यानें भरावयाचा व कुळाकडून पिकाचा वांटा उचलावयाचा. भातजमिनीस हा वांटा बहुधा निम्मा असे, म्हणून 'अर्धेल' हा शब्दच तिकडे रूढ झाला. अलिबाग तालुक्यांतील चरी व आसपासच्या गांवच्या कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं १९३३ पासून सुमारें सहा वर्षें खोतांच्या जमिनी कसण्याचें नाकारिलें. पावसाळ्यामागून पावसाळे भाताच्या खाचरांत नांगर घालावयाचा नाहीं, याचा अर्थ ज्यानें खाचर कसलें आहे त्यासच कळेल. पुढें १९३७ च्या सप्टेंबरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं खोती बंद करण्याचें बिल मुंबईच्या विधिमंडळांत मांडलें, आणि १९३८ च्या जानेवारींत कोंकणांतील कुळांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. तें बिल पास झालें नाहीं. १९५१ सालीं तेच डॉ. आंबेडकर देशाचे कायदेमंत्री होते, व खोती निर्मूलनाचा कायदा घटनेच्या परिशिष्टांत जाऊन बसत होता. बिलाच्या बाजूनें त्यांनीं १८ मे रोजीं सविस्तर भाषण केलें.

चर्चा घाईनें उरकली गेली असें मात्र कोणास म्हणतां येणार नाहीं. १६ मे रोजीं ती सुरू झाली. १८ मे रोजीं बिल सिलेक्ट कमिटीकडे गेलें. २५ मे रोजीं कमिटीचा अहवाल आला आणि २९ मेपासून पुनः वाद झाला. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी व पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्यासारखे सभासद विरोधांत होते. त्यांचा मुख्य रोख भाषणस्वातंत्र्यावर होता. परंतु दोन आक्षेप सबंध बिलास लागू पडत. एक हा कीं, प्रौढ मतदानानें निवडलेलें पार्लमेंट कांहीं महिन्यांतच येणार असतां या हंगामी सभागृहानें घटनेस हात कां लावावा? दुसरा, तेरा कायदे एका यादींत कोंबून, त्यांत घटनेविरुद्ध काय आहे हें न पाहतांच, सरसकट पवित्र कां करून घ्यावे? आक्षेपांचा परिणाम अगदींच झाला नाहीं असें नव्हे. भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंध 'वाजवी' असले पाहिजेत, हा शब्द कमिटीनें घातला. जमिनीच्या कलमांचा गाभा मात्र तसाच राहिला. २ जून रोजीं मतें मोजलीं गेलीं तेव्हां बिलास २२८ अनुकूल व २० प्रतिकूल पडलीं. १८ जून रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळाली.

आतां आमचें मत. जमीनदारी, जहागिरी व खोती गेल्या हें उत्तम झालें, याविषयीं आमच्या मनांत तिळमात्र शंका नाहीं. दरभंग्याचे महाराज सुप्रीम कोर्टापर्यंत वकिलांची फौज उभी करूं शकत होते. त्यांचें कूळ पाटण्याचें तिकीटही काढूं शकत नव्हतें. अशा सामन्यांत विलंब हाच एका पक्षाचा विजय असतो. कूळकायदा टिकला म्हणूनच पुढें १ एप्रिल १९५७ या कृषकदिनीं मुंबई राज्यांतील कुळें कायद्यानें जमिनीचीं मालक मानलीं गेलीं. आमच्या वाचकांत अशा कुळांचे नातू आहेत, आणि ज्यांच्या वांट्यास खोतीचे वा इनामाचे चार-दोन आणे राहिले होते व तेही गेले, अशांचेही नातू आहेत. दुसऱ्यांची तक्रार आम्ही अनेक वेळां ऐकली आहे व तींत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. शंभर गांवांचा धनी आणि दोन एकरांचा वांटेकरी यांस एकाच मापानें मोजलें गेलें कीं असें होतेंच.

परंतु हत्यार वेगळें आणि त्याचा उपयोग वेगळा. तेरा नांवें लिहून झाल्यावर नवव्या परिशिष्टास कुलूप घालून किल्ली समुद्रांत टाकावयास हवी होती. तसें झालें नाहीं. १९५५ सालीं यादी वीसवर गेली. १९६४ च्या सतराव्या दुरुस्तीनें एकदम ४४ नांवें वाढलीं, व त्यांत महाराष्ट्राचा १९६१ चा जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा आला. पुढें नोंदींचा आंकडा २८४ पर्यंत चढला. १९७६ सालीं तर १९५५ चा आवश्यक वस्तूंचा कायदाही तेथें नेऊन बसविला! ज्या कायद्याच्या जोरावर कांद्याच्या व कडधान्याच्या साठ्यांवर मर्यादा लादल्या जातात व ऐन विक्रीच्या दिवसांत भाव कोसळतो, त्याचा जमीनदारी मोडण्याशीं संबंध काय? जें कुंपण जहागिरदारापासून कुळाचें रक्षण करण्याकरितां घातलें, त्याच कुंपणाच्या आंत शेतकऱ्याचा भाव पाडणारा कायदा सुखानें बसला आहे. हा कायदा परिशिष्टांतून काढून टाकावा अशी आमची स्पष्ट मागणी आहे. तो ठेवावयाचा कीं मोडावयाचा हा वाद निराळा. पण इतर कायद्यांप्रमाणें त्यानेंही कोर्टापुढें उभें राहिलें पाहिजे.

'इस्टेट' या शब्दाचेंही असेंच झालें. १९५१ सालीं तो ऐकतांना सभासदांच्या डोळ्यांपुढें जमीनदार होता. पण आमच्या मुंबई इलाख्याच्या जमीन महसूल कायद्यांतील त्या शब्दाची व्याख्या इतकी ऐसपैस होती कीं, १९५८ सालीं सुप्रीम कोर्टानें साध्या रयतेचें खातेंही तींत बसविलें. इतर कित्येक ठिकाणीं रयतवारी जमीन बाहेर राहिली होती. १९६१ सालीं केरळच्या एका खटल्यांत तें सिद्ध झालें, आणि १९६४ च्या दुरुस्तीनें रयतवारीचें नांव कलमांतच घातलें गेलें. म्हणजे दरभंग्याच्या महाराजांसाठीं विणलेलें जाळें तेरा वर्षांत सरकारास सारा भरणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यावर पसरलें.

कोर्टांनीं याविषयीं काय केलें तें थोडक्यांत सांगतों. पहिली दुरुस्ती सुप्रीम कोर्टानें ५ ऑक्टोबर १९५१ रोजीं एकमतानें वैध ठरविली. पुढें २४ एप्रिल १९७३ रोजीं केशवानंद भारती खटल्यांत घटनेचा मूळ गाभा मोडतां येणार नाहीं असें ठरलें, व ११ जानेवारी २००७ रोजीं नऊ न्यायाधीशांनीं सांगितलें कीं, त्या तारखेनंतर परिशिष्टांत घातलेले कायदे या कसोटीवर तपासतां येतील. आवश्यक वस्तूंचा कायदा त्या तारखेनंतरचा आहे, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. दार किलकिलें झालें आहे. पण गाभा मोडला हें सिद्ध करण्याचें ओझें दाद मागणाऱ्यावर आहे व तें लहान नाहीं.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९५१ च्या त्या सभागृहांत विरोध करणारे वीस होते, तरी त्यांचें ऐकून घेतलें गेलें व त्यांचीं मतें मोजलीं गेलीं. २० सप्टेंबर २०२० रोजीं शेतीविषयक दोन बिलें राज्यसभेंत आवाजी मतानें पास झालीं. मतें मोजावीं ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाहीं. २९ नोव्हेंबर २०२१ रोजीं ते कायदे मागें घेण्याचें बिल दोन्ही सभागृहांत एकाच दिवशीं चर्चेवांचून पास झालें. ते कायदे बरे कीं वाईट याविषयीं आमच्या वाचकांत दोन तट आहेत आणि ते राहोत. पण कायदा येतांना मोजणी नाहीं आणि जातांना बोलणें नाहीं, ही रीत आम्हांस पसंत नाहीं. मग लाभ कोणत्याही पक्षाचा होवो.

राहतां राहिली एक उपयुक्त माहिती. १९६४ च्या ज्या दुरुस्तीनें रयतवारी जमीन जाळ्यांत घेतली, तिनेंच ३१-क या कलमास एक परंतुक जोडलें आहे. कमाल मर्यादेच्या आंतील व धनी स्वतः कसत असलेली जमीन, किंवा तींतील घर, गोठा यांसारखी इमारत, सरकारास या कलमाच्या आश्रयानें घ्यावयाची असल्यास भरपाई बाजारभावाहून कमी देतां येत नाहीं. ज्यांच्या गटांतून रस्ता किंवा कालवा जाणार असेल त्यांनीं वकिलाकडे जाण्यापूर्वीं आपल्या सातबाऱ्यावरील पीकपाहणी काढून पाहावी. कसणारा म्हणून तेथें दुसऱ्याच कोणाचें नांव लागलेलें असल्यास तें आजच दुरुस्त करून घ्यावें. कारण परंतुकाचा लाभ स्वतः कसणाऱ्यासच आहे, आणि तलाठ्याकडील नोंद नोटीस आल्यावर बदलणें किती जड जातें हें आम्ही वाचकांस सांगावयास नको.