ॲन्टिव्हायरस आहे, पण अपडेट कुठं आहे? गावातल्या कॉम्प्युटरचा खरा धोका

बाळापूर : सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्ती, भरतीचे फॉर्म असं सगळं ऑनलाइन झालं, तसे वाडेगाव, पारस, व्याळा, उरळ अशा गावांतल्या घरांतही कॉम्प्युटर-लॅपटॉप आले. आधार, पासबुक, जमिनीचे कागद, लेकरांच्या गुणपत्रिका आता त्याच मशीनमध्ये साठलेल्या असतात. मशीन घेताना दुकानदार बहुधा वर्षभराचा ॲन्टिव्हायरस टाकून देतो. वर्ष सरलं की कोपऱ्यात लाल पट्टी येऊ लागते. ‘पाहू नंतर’ म्हणून फुली दाबली जाते. घरच्यांना मात्र वाटत राहतं, की आपल्या मशीनमध्ये ॲन्टिव्हायरस आहे. खरा धोका या समजुतीतच आहे.

अळी बदलली, औषध तेच

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी सांगायला नको. बीटी कपाशीला बोंडअळी लागत नाही, असं वाटत होतं. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली कपाशी पोखरली. बियाणं तेच होतं, पण अळीनं त्याला दाद देणं सोडलं होतं.

ॲन्टिव्हायरसचंही तसंच आहे. त्याच्याकडे व्हायरसच्या ओळखखुणांची यादी असते. नवे व्हायरस रोज निघतात, म्हणून कंपन्या रोज नवी यादी पाठवतात. यादी येणं बंद झालं की जुने चोर ओळखू येतात, नवे सहज आत शिरतात.

दोन महिने आधी दुरुस्ती आली होती

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा व्हायरस जगभर पसरला. सुमारे १५० देशांतल्या दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरमधल्या फाइल त्यानं कुलूपबंद केल्या आणि त्या सोडवायला ३०० डॉलर मागितले. विंडोजमधल्या ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी दिला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता, ते सापडले.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, अशाच हल्ल्यात मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामकाज कोलमडलं. हे टर्मिनल चालवणाऱ्या परदेशी कंपनीच्या यंत्रणेत व्हायरस शिरला होता. या व्हायरसनं वापरलेल्या वाटांपैकी एक तीच जुनी फट होती. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत झाली, तर घरच्या मशीनचं काय?

गावात अपडेट का होत नाही?

आळस हे एकच कारण नाही. गावातला लॅपटॉप बहुतेक वेळा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो. रोजचा डेटा संपू नये म्हणून ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू केलेलं असतं, त्यामुळे विंडोजचे मोठे अपडेट अडून राहतात. कुठं मशीन महिन्यातून एखादवेळी, फॉर्म भरण्यापुरतंच चालू होतं. त्यात लाइट गेली की अर्धवट अपडेट तसाच राहतो. काही ठिकाणी विंडोजच ‘क्रॅक’ केलेलं असतं आणि ते बंद पडू नये म्हणून अपडेट मुद्दाम बंद ठेवलेले असतात. क्रॅकच्या फाइलमधूनच व्हायरस आत येतो, हे कोणी सांगत नाही.

सरकारनं कागद ऑनलाइन केले, पण ज्या मशीनवर ते कागद उघडतात त्याची निगा कोणी राखायची, हे कोणी शिकवलं नाही. ती जबाबदारी गुपचूप घरावर, बहुतेक वेळा कॉलेजात शिकणाऱ्या पोरा-पोरीवर येऊन पडली.

पैसे भरलेच पाहिजेत असं नाही

‘रिन्यूअलला पैसे लागतात’ ही मोठी अडचण सांगितली जाते. विकतच्या ॲन्टिव्हायरसमध्ये जास्तीच्या सोयी मिळतात, हे खरं. पण विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर फुकट येतो आणि साध्या घरगुती वापराला तो पुरतो. मुदत संपलेला ॲन्टिव्हायरस मशीनमध्ये लटकवून ठेवण्यापेक्षा तो काढून डिफेंडर चालू करणं कधीही बरं. दोन ॲन्टिव्हायरस एकदम चालवू नयेत, मशीन जड होतं.

विंडोज १० वाल्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबले आहेत. डिफेंडरच्या याद्या येत राहतील, पण विंडोजमधल्या नव्या फटी त्यानं बुजत नाहीत. मशीन पेलत असेल तर विंडोज ११ वर जावं. नसेल, तर कंपनीनं घरगुती ग्राहकांसाठी जाहीर केलेल्या वाढीव अपडेटच्या योजनेत नोंदणी होते का, ते सेटिंगमधल्या ‘विंडोज अपडेट’मध्ये पाहावं.

आठवड्यातून पंधरा मिनिटं

- ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये शेवटच्या अपडेटची तारीख पाहावी. ती आठवड्याहून जुनी असेल तर लगेच अपडेट करावं. रोजच्या याद्यांना डेटा कमी लागतो.
- विंडोजचा मोठा अपडेट महिन्यातून एकदा, चांगलं नेट असेल तिथं करून घ्यावा.
- झेरॉक्स किंवा फोटोच्या दुकानातून आलेला पेनड्राइव्ह आधी स्कॅन करावा, मग उघडावा.
- महत्त्वाच्या कागदांची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्यावी आणि तो काढून ठेवावा. मशीनला लावलेलाच राहिला तर व्हायरस त्यालाही सोडत नाही.

खोट्या पट्टीपासून जपा

या भीतीचाच धंदा करणारेही आहेत. वेबसाइट पाहता पाहता ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असा भोंगा वाजतो. फोन केला की समोरचा स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावतो आणि खातं रिकामं करतो. खरा ॲन्टिव्हायरस असा भोंगा वाजवून फोन करायला लावत नाही. अशा वेळी ब्राउझर बंद करावा. तो बंद होत नसेल तर मशीनच बंद करावं.

मोबाइललाही हाच नियम लागू. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, चलन किंवा योजनेच्या नावानं आलेली एपीके फाइल उघडू नये. पैसे गेलेच तर लाजू नये, लगेच १९३० वर फोन करावा. तक्रार जितकी लवकर, तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

कपाशी पेरून कोणी शेताकडे पाठ फिरवत नाही. आठ-पंधरा दिवसांनी बोंड फोडून पाहावंच लागतं. घरातल्या कॉम्प्युटरलाही आता तेवढी फेरी लागणारच.