बोअरांचा स्वयंनिर्णय आणि न्यायाचा तराजू

एखादा लोकसमूह जगापुढे उभा राहून 'आम्ही एक स्वतंत्र लोक आहोत, आमचे नाव आम्हांस परत द्या' असे म्हणतो, तेव्हा त्याची हेटाळणी करणे फार सोपे असते. त्यातून तो समूह कालपर्यंत दुसऱ्यांच्या मानेवर जू ठेवणारा असला, तर हेटाळणी करणारास पुण्यकृत्य केल्याचाही संतोष लाभतो. दक्षिण आफ्रिकेतील बोअर लोकांच्या मागणीचे आज असेच झाले आहे. एक पक्ष तिच्याकडे वर्णद्वेषाचे नवे सोंग म्हणून पाहतो. दुसरा पक्ष बोअरांस केवळ छळाचे बळी ठरवून त्यांच्या इतिहासावर पांघरूण घालतो. वाचकहो, यांपैकी एकही मार्ग न्यायाचा नव्हे. मागणी करणाराचे तोंड पाहून दावा फेटाळणे हा जसा अन्याय आहे, तसाच प्रतिपक्षाची बाजू न ऐकता दावा मंजूर करणे हाही अन्यायच आहे. जन्मावरून माणसाची जागा ठरविली जाणे म्हणजे काय, हे ज्यांस कोणी शिकवावे लागत नाही अशा वाचकांनी हा दावा शांतपणे तपासावा, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम वादीची ओळख करून घेतली पाहिजे. 'बूर' म्हणजे शेतकरी. १६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने केपच्या भूशिरावर ठाणे वसविले. तेथे आलेल्या डच, जर्मन व फ्रेंच वसाहतवाल्यांपैकी जे लोक गुरेढोरे घेऊन पूर्वेच्या सरहद्दीकडे सरकत गेले, त्यांची राहणी व वृत्ती केप शहराभोवतालच्या सुस्थित डचांहून निराळी बनली. १८३५ च्या सुमारास त्यांच्यापैकी हजारो कुटुंबे इंग्रजांचा अंमल नको म्हणून बैलगाड्या जोडून उत्तरेकडे निघाली. १८३४ साली इंग्रजांनी तेथील गुलामगिरी रद्द केली होती, हेही त्या स्थलांतराच्या कारणांपैकी एक होते, ही गोष्ट दृष्टिआड करून चालणार नाही. पुढे १८५२ च्या सँड रिव्हर कराराने ट्रान्सवालचे व १८५४ च्या ब्लूमफाँटेन कराराने ऑरेंज फ्री स्टेटचे स्वातंत्र्य खुद्द इंग्रजांनीच मान्य केले. म्हणजे 'आमचे राज्य होते' हे बोअरांचे म्हणणे दंतकथा नव्हे. त्याला कागदाचा आधार आहे.

आज 'आफ्रिकानर' हे नाव सर्वतोमुखी आहे. परंतु 'आम्ही आफ्रिकानर नव्हे, आम्ही बोअर' असे म्हणणारा एक लहान वर्ग आहे. रॉबर्ट फान टॉन्डर यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेला बूरेस्टाट पक्ष याच मताचा. त्यांचे म्हणणे असे की, आफ्रिकानर हे नाव म्हणजे केपमधील डच वंशजांस व प्रजासत्ताकांतील बोअरांस एकाच पोत्यात घालण्याची राजकीय युक्ती होती आणि त्या पोत्यात बोअरांचे वेगळेपण गुदमरून गेले. कोणी स्वतःस कोणते नाव घ्यावे हे परक्याने ठरवू नये, एवढे तत्त्व मान्य केले म्हणजे या म्हणण्यातील ग्राह्य भाग ग्राह्य मानावाच लागतो.

बोअरांच्या दुःखाविषयीही शंका घेण्याचे कारण नाही. सोन्याच्या खाणींवर डोळा ठेवून साम्राज्यशाहीने ओढवून आणलेले युद्ध ऑक्टोबर १८९९ मध्ये पेटले आणि ३१ मे १९०२ रोजी फेरेनिखिंगच्या तहाने संपले. त्या अवधीत इंग्रज सेनेने शेते जाळली, घरे पाडली आणि बायकामुलांस छावण्यांत कोंडले. त्या छावण्यांत सुमारे २८ हजार बोअर रोगराईने व उपासमारीने मेले. त्यांपैकी सुमारे २२ हजार सोळा वर्षांखालील मुले होती. एमिली हॉबहाउस या इंग्रज बाईने स्वतःच्याच सरकारचे हे कृत्य उघडकीस आणले. पकडलेल्या बोअर योद्ध्यांस सेंट हेलेना, सिलोन, बर्म्युडा येथे तसेच हिंदुस्थानातही धाडण्यात आले. आपल्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, असे बोअर युद्धकैदी ठेवलेले होते. एका लहान लोकसमूहाची एक पिढीच्या पिढी अशी कापून निघाल्यावर त्याच्या मनात स्वराज्याची तळमळ पेटत राहावी, यात नवल ते काय?

येथवर वादीची बाजू झाली. आता प्रतिवादीची ऐकू.

त्याच युद्धात कृष्णवर्णीय आफ्रिकनांसाठी वेगळ्या छावण्या होत्या. त्यांत नोंद झालेले मृत्यूच १४ हजारांहून अधिक आहेत आणि खरा आकडा त्याहून बराच मोठा असावा, असे इतिहासकार मानतात. ब्लूमफाँटेन येथे बोअर स्त्रिया व मुले यांच्या स्मरणार्थ भव्य स्मारक उभारून १६ डिसेंबर १९१३ रोजी त्याचे अनावरण झाले. कृष्णवर्णीय छावण्यांतील मृतांस त्या वेळी स्मारक तर नाहीच, आठवणही लाभली नाही. उलट त्याच १९१३ सालच्या जून महिन्यात देशी लोकांच्या जमिनीसंबंधीचा कायदा झाला. त्याने बहुसंख्य प्रजेसाठी देशाची सुमारे ७ टक्के भूमी राखून ठेवली आणि तिच्याबाहेर जमीन विकत घेण्यास तिला मनाई केली. १९३६ साली ही मर्यादा सुमारे १३ टक्क्यांवर नेण्यात आली, एवढेच काय ते औदार्य! ज्यांची घरे जाळली गेली त्यांच्याच पुढाऱ्यांनी, अकरा वर्षे उलटतात न उलटतात तोच, दुसऱ्यांस बेघर करणाऱ्या कायद्यावर शिक्कामोर्तब केले.

हा केवळ युद्धानंतरचा कडवटपणा होता असेही म्हणता येत नाही. ट्रान्सवालच्या १८५८ च्या राज्यघटनेतच गोरे व काळे यांच्यात धर्मसंस्थेत किंवा राज्यसंस्थेत समानता असणार नाही, असे स्पष्ट लिहून ठेवले होते. १८८५ च्या तिसऱ्या कायद्याने आशियातील लोकांस तेथे नागरिकत्व नाकारले आणि त्यांच्या जमीनमालकीवर बंधन घातले. त्यात आपले हिंदी लोकही आले. ऑरेंज फ्री स्टेटने १८९१ मध्ये हिंदी लोकांस वसतीचीच बंदी केली आणि ती बंदी उठावयास १९८६ साल उजाडावे लागले. फेरेनिखिंगच्या तहातही एक कलम असे आहे की, देशी लोकांस मताधिकार देण्याचा प्रश्न गोऱ्यांस स्वराज्य मिळेपर्यंत निकालात काढावयाचा नाही. विजयी इंग्रज व पराभूत बोअर यांच्यात अन्य कशावर एकमत झाले नसेल, पण तिसऱ्याचे तोंड बंद ठेवण्यावर झाले!

या सर्व प्रकरणाचे मर्म १९१९ सालच्या एका योगायोगात साठविलेले आहे. महायुद्ध संपले होते आणि राष्ट्रांच्या स्वयंनिर्णयाची भाषा जगभर घुमत होती. त्या वर्षी जनरल हर्ट्झॉग यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ पॅरिसला गेले आणि बोअर प्रजासत्ताकांचे स्वातंत्र्य परत मागू लागले. त्याच वर्षी आफ्रिकन काँग्रेसचे शिष्टमंडळही युरोपास गेले; त्यात सॉल प्लात्ये हे विद्वान पत्रकार होते. तेही आपल्या लोकांसाठी न्यायच मागत होते. दोन्ही शिष्टमंडळे ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांस भेटली आणि दोन्ही रिक्त हस्ते परतली. एकाच देशाचे दोन अर्जदार एकाच दारात उभे होते. पण पहिल्या अर्जदारास दुसऱ्याचा अर्ज वाचावासाही वाटला नाही. बोअर राष्ट्रवादाची शोकांतिका मला येथे दिसते.

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. १९४८ साली नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि अपार्थाइडचे राज्य सुरू झाले. त्या राज्याने स्वयंनिर्णय या शब्दाचीही विटंबना केली. १९७० च्या कायद्याने प्रत्येक कृष्णवर्णीय माणसास कोणत्या तरी 'मायभूमी'चा नागरिक ठरविले आणि १९७६ ते १९८१ या काळात ट्रान्सकाय, बोफुथात्स्वाना, व्हेंडा व सिस्काय यांस 'स्वतंत्र' म्हणून घोषित केले. दक्षिण आफ्रिकेबाहेर कोणत्याही राष्ट्राने त्यांस मान्यता दिली नाही, कारण तो स्वयंनिर्णय नव्हता. स्वतःच्याच देशात परके ठरविण्याची ती रीत होती. १९७६ मध्ये शाळांतून अफ्रिकान्स भाषेची सक्ती झाली तेव्हा १६ जून रोजी सोवेटोची मुले रस्त्यावर आली आणि गोळ्यांना बळी पडली. इंग्रजीच्या सक्तीविरुद्ध ज्यांनी आपली भाषा जिवापाड जपली, त्यांनीच ती दुसऱ्यांच्या मुलांवर लादली.

मग या गतकाळामुळे आजच्या बोअराचा हक्क बुडाला काय? माझे स्पष्ट उत्तर नाही असे आहे. हक्क हे चांगल्या वर्तणुकीचे बक्षीस नव्हे. आजोबाच्या अपराधासाठी नातवाची भाषा, शाळा व स्मृती जप्त करता येत नाही. तसे करू लागलो तर जन्मावरून शिक्षा देण्याच्या त्याच जुन्या न्यायाकडे आपण परत जाऊ. परंतु न्यायशास्त्रात एक पुरातन सूत्र आहे : जो न्याय मागावयास येतो, त्याने न्याय करावयासही सिद्ध असले पाहिजे. या सूत्रानुसार हक्क व विशेषाधिकार यांच्यातील रेषा ओळखावी लागते. स्वतःची भाषा बोलणे हा हक्क आहे. दुसऱ्याच्या श्रमावर व भूमीवर आपले वेगळेपण उभे करणे हा विशेषाधिकार होता. तो गेला म्हणून अन्याय झाला असे होत नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या राज्यघटनेने ही रेषा पुष्कळ सुज्ञपणे आखली आहे, असे मला वाटते. त्यामागे एक करार आहे. १९९४ च्या निवडणुकीपूर्वी जनरल कॉन्स्टंड फिल्यून यांनी बंदुकीचा मार्ग बाजूस ठेवून मतपेटीचा मार्ग धरला आणि २३ एप्रिल १९९४ रोजी आफ्रिकानरांच्या स्वयंनिर्णयाच्या विचारासंबंधी करार झाला. त्यांच्या फ्रीडम फ्रंटला त्या निवडणुकीत सुमारे २.२ टक्के मते व ९ जागा मिळाल्या. नव्या घटनेच्या कलम २३५ मध्ये असे म्हटले आहे की, संपूर्ण दक्षिण आफ्रिकन जनतेच्या स्वयंनिर्णयाच्या चौकटीत, समान भाषा व संस्कृती असलेल्या समाजाच्या स्वयंनिर्णयाची कल्पना राष्ट्रीय कायद्याने मान्य करण्यास प्रत्यवाय नाही. मग ती एखाद्या प्रदेशात असो वा अन्य प्रकारे असो. कलम ३१ ने भाषिक व सांस्कृतिक समाजांस आपले जीवन जगण्याचा व संस्था चालविण्याचा हक्क दिला. कलम १८५ ने त्यासाठी आयोग नेमला. आंतरराष्ट्रीय विधीचा कलही असाच आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये क्वेबेकच्या प्रकरणात हेच सांगितले की, स्वयंनिर्णय सामान्यतः राज्याच्या आतच साधावयाचा असतो. फुटून निघण्याचा हक्क परकीय वर्चस्वासारख्या अपवादात्मक स्थितीतच उत्पन्न होतो.

स्वतंत्र 'फोल्क्सटाट'ची अडचण कायद्याहून भूगोलात अधिक आहे. २०२२ च्या जनगणनेत सर्व गोरे मिळून ७.३ टक्के होते, आणि त्यांत बोअर म्हणविणारे थोडे. जुन्या प्रजासत्ताकांच्या सीमा आज परत आखल्या, तर त्यांत बहुसंख्य प्रजा सोथो, त्स्वाना इत्यादी लोकांची असेल. तिचे काय करावयाचे? तिला मत द्यावयाचे तर ते बोअरराज्य राहणार नाही. मत नाकारावयाचे तर ते पुन्हा १८५८ होईल. या प्रश्नास जो उत्तर देत नाही, तो स्वयंनिर्णय मागत नसून दुसऱ्यांचा निर्णय करण्याचा अधिकार मागत आहे.

१९९० च्या डिसेंबरात कारेल बोशॉफ यांनी ऑरेंज नदीकाठी विकत घेतलेल्या ओरानिया गावाने याला एक उत्तर दिले आहे : स्वतःचे सर्व काम स्वतः करावयाचे, काळ्या मजुरावर अवलंबून राहावयाचे नाही. आज तेथे तीन हजारांच्या आसपास वस्ती आहे. दुसऱ्याच्या घामावर न जगण्याचा हा निश्चय अपार्थाइडहून प्रामाणिक आहे, हे कबूल केले पाहिजे. १९९५ साली नेल्सन मंडेला त्या गावी जाऊन अपार्थाइडच्या शिल्पकाराच्या वृद्ध विधवेस भेटून आले. बलवानाने दुर्बलास मान्यता कशी द्यावी याचा तो धडा होता. तथापि ज्या गावाचे दार रक्त व वंश पाहून उघडते, त्याचा आदर्श मला स्वीकारता येत नाही. अफ्रिकान्स ही भाषा केवळ गोऱ्यांची नव्हेच. ती घरी बोलणारांत गोऱ्यांहून मिश्रवर्णीयच अधिक आहेत, आणि तिच्या आरंभीच्या लिखाणांपैकी काही केपच्या मुसलमानांनी अरबी लिपीत लिहिले. भाषेचे प्रेम खरे असेल तर त्या भाषिकांस दाराबाहेर का ठेवावयाचे?

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी आफ्रिकानरांस निर्वासित म्हणून आश्रय देण्याचा आदेश काढला आणि त्याच वर्षी मे महिन्यात पहिला गट तेथे पोचला. अशा आश्रयाने बोअरांचा प्रश्न सुटणार नाही. २०१७ च्या सरकारी तपासणीत, व्यक्तींच्या मालकीच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांच्या हाती असल्याचे आढळले. ज्या समाजाकडे एवढी भूमी आहे, तो निष्कांचन निर्वासितांच्या रांगेत उभा केला की त्याचा खरा प्रश्न, म्हणजे भाषेचा, शाळेचा व नावाचा, बाजूस पडतो आणि त्याची निव्वळ टवाळी होते.

तात्पर्य हे की, दक्षिण आफ्रिकेच्या बहुसंख्य शासनाने कलम २३५ घटनेत नुसते शोभेस ठेवू नये. त्याखाली कायदा करून, समानतेस बाध न आणता, शाळा, भाषा व स्थानिक कारभार यांपुरती स्वायत्तता मागणाऱ्या कोणत्याही समाजास ती द्यावी. अल्पसंख्याकाचे वेगळेपण नाकारणे हे बहुसंख्येच्या बळाचे लक्षण नव्हे. आणि बोअरांनी प्रथम एक गोष्ट करावी. छावण्यांत मेलेल्या आपल्या मुलांची नावे ते घेतात, त्याच श्वासात शेजारच्या छावणीत मेलेल्या काळ्या मुलांचेही स्मरण करावे. १९१९ साली न वाचलेला तो दुसरा अर्ज त्यांनी आता तरी वाचावा. त्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या अर्जाचे वजन शतपटीने वाढेल.